साठ किलोमीटरची सहल : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यकारिणीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीची सर्व मंडळी,
आपला ज्येष्ठ नागरिक संघ, लातूर

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या फळ्यावर पुढच्या सहलीची सूचना लागली आहे, ती वाचली. चार दिवस, दोन राज्यं, 17 ठिकाणं. खाली अध्यक्षांची सही आणि सहीखाली लाल शाईत एक ओळ : 'मागील सहलीची भरपाई या सहलीत करण्यात येईल.' घरी आलो, चहा घेतला, तरी ती लाल ओळ काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय. पत्र खुलं अशासाठी, की मासिक सभेत माझी पाळी येईस्तोवर निम्मी मंडळी गोळीची वेळ झाली म्हणून उठून जातात.

भरपाई कशाची म्हणे? जानेवारीत आपण अंबाजोगाईला जाऊन दोन मुक्काम केले, त्याची. पैसे वसूल झाले नाहीत, लातूरच्या माणसानं अंबाजोगाईला मुक्काम करणं म्हणजे हसू करून घेणं, असं कार्यकारिणीत बोललं गेलं. माझ्या कानावर ते तीन वेगवेगळ्या तोंडांतून आलं, म्हणजे बोललं गेलंच असणार.

आधी माझी बाजू उघडी करतो. अंबाजोगाईच्या ठरावावर 21 विरुद्ध 17 मतं पडली, त्या 17 हातांत माझा हात होता. "साठ किलोमीटरला सहल म्हणत नाहीत, अपडाउन म्हणतात," असं मी भर सभेत म्हणालो आणि त्यावर हशा झाला. 31 वर्षं एसटीत वाहक होतो. लातूर-अंबाजोगाई रस्त्यावरचे थांबे झोपेतून उठवलं तरी सांगीन. अंबाजोगाईच्या स्टँडवर किती वेळा उतरलो त्याचा हिशेब नाही. उतरायचं, कंट्रोलरकडे नोंद करायची, एक कट चहा मारायचा, डबल घंटी द्यायची, निघायचं. मुक्कामी गाडी असली तर रात्री गाडीतच अंग टाकायचं आणि पहाटे अंधारात पहिली फेरी काढायची. तिथला चहावाला माझ्या डोळ्यांदेखत काळ्याचा पांढरा झाला, पण स्टँडच्या फाटकाबाहेर उजवीकडे वळलं की काय लागतं ते मला या जानेवारीपर्यंत ठाऊक नव्हतं.

आता त्याच्या आधीच्या वर्षीची सहल आठवा, जिचं अजून कौतुक चालतं. तीन दिवसांत तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, मंगळवेढा, पंढरपूर, गोंदवले, शिखर शिंगणापूर, जेजुरी, मोरगाव, सिद्धटेक आणि येताना राशीन. अकरा. खोड जात नाही म्हणून मी निघताना आणि परतल्यावर मीटर लिहून घेतला होता : 940 किलोमीटर. आपल्याकडच्या रस्त्यांवर भरलेली गाडी ताशी चाळीसच्या वर सरासरी देत नाही, हे माझ्याकडून लिहून घ्या. म्हणजे साडेतेवीस तास चाक फिरत होतं. पहाटे पाच ते रात्री दहा असे तीन दिवस धरले तर एकूण 51 तास. जेवणं, नाश्ता यांत नऊ गेले. राहिलं चढणं-उतरणं. 46 माणसं, त्यातली निम्मी गुडघ्यांची. खाली उतरायला बारा मिनिटं, परत चढून, बसून, डोकी मोजून, राहिलेल्या दोघांना हाका मारून पंधरा. दर्शनाचे अकरा आणि चहापाण्याचे नऊ थांबे धरले की नऊ तास त्यातच गेले. उरले साडेनऊ तास. अकरा देवांत वाटून बघा, एका देवाला पन्नासेक मिनिटं येतात. त्या पन्नास मिनिटांत चपलांचा स्टँड, शौचालयाची रांग, दर्शनाची रांग आणि हाराचा भाव. पंढरपुरात गर्दी बघून सचिवांनी गाडीतूनच "कळसाला हात जोडा" म्हणून सांगितलं होतं. जेजुरीहून निघाल्यावर एका काकूंनी माझ्या मंडळींना विचारलं, "वैनी, गोंदवलं झालं का हो?" झालं होतं. त्या झोपल्या होत्या, आणि उठवायला वेळ नव्हता.

आणखी एक गोष्ट आहे. ती सभेत कुणी बोलत नाही. बोलायची आमच्या पिढीला सवय नाही, पण मी 31 वर्षं बायका गाडीत चढताना-उतरताना पाहिल्या आहेत, म्हणून बोलतो. त्या तीन दिवसांत आपल्या बहुतेक बायका पाणी प्यायल्या नाहीत. थांबा कुठं येईल, तिथं आत जाण्यासारखी जागा असेल की नसेल, सगळी गाडी आपल्यासाठी ताटकळेल, या धास्तीनं तोंड ओलं करण्यापुरता घोट घ्यायचा आणि बाटली परत पिशवीत. साखरेच्या, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या सत्तरीच्या बायका. परतल्यावर आठवडाभरात दोघींना लघवीच्या जळजळीसाठी सलाइन लागलं. संघाच्या अहवालात सहल 'अत्यंत यशस्वी' अशी नोंद आहे. अंबाजोगाईत आमच्या मंडळींची बाटली दिवसातून तीनदा भरून आणावी लागत होती, आणि याची नोंद कुठल्याच अहवालात नाही.

अंबाजोगाईत सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. मुक्कामाची जागा तिसऱ्या मजल्यावर निघाली, लिफ्ट नाही. पहिल्या सकाळी गरम पाणी आठ जणांना पुरलं. बाकीच्यांनी जानेवारीत हरहर गंगे केलं किंवा तसंच कपाळाला गंध लावलं. दुसऱ्या दिवशीच्या वरणात मीठ नव्हतं आणि भाजीत दोघांचं होतं. आपली मोठी बस जुन्या गावातल्या गल्ल्यांत शिरेना, तेव्हा रिक्षांचा खर्च वाढला. हे सगळं अध्यक्षांनी मांडलं ते खरं आहे. पण हे दुरुस्त करता येण्यासारखं आहे. एका दिवसात पाच गावं दुरुस्त करता येत नाहीत.

तिथं आपण केलं काय, तर पहिल्या संध्याकाळी योगेश्वरीच्या देवळात दर्शन झाल्यावर सगळे तिथंच बसून राहिलो. शिट्टी वाजवणारं कुणी नव्हतं. शेजारी पुण्याहून आलेलं एक कुटुंब बसलं होतं. कोकणस्थ, आणि आई योगेश्वरी त्यांची कुलदेवी. आपल्या बायकांना नवल वाटलं की समुद्राकाठच्या लोकांची देवी बालाघाटाच्या डोंगरात कशी. मग देवीच्या लग्नाची कथा निघाली. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, मुहूर्त टळला, देवी कुमारीच राहिली आणि वऱ्हाड होतं तिथंच दगडाचं झालं. ही कथा आपल्यातल्या चौघांना चार तऱ्हांनी ठाऊक होती आणि चौघेही आपलाच पाठ खरा म्हणून हट्टाला पेटले. मी एवढंच म्हणालो, की परळी-अंबाजोगाई अंतर पंचवीस किलोमीटर, एवढ्याशा रस्त्यावर गाडी लेट झाली म्हणजे खातं जुनंच दिसतंय. आरती होईपर्यंत गप्पा चालल्या.

सकाळी ते दगडाचं वऱ्हाड पाहिलं. जयंती नदीच्या काठची ती लेणी, शिवलेणी म्हणा, जोगाईमंडप म्हणा, गावात हत्तीखानाच म्हणतात. खडक कोरून मधे अंगण काढलंय, त्यात नंदीचा मंडप आणि दगडी हत्ती. आपण कोवळ्या उन्हात अंगणात बसलो, मफलर-कानटोप्या काढल्या, कुणी शेंगा सोलल्या. गाववाला एक म्हातारा शेळ्या घेऊन चालला होता, तो थांबून म्हणाला, "काय बघूलालाव एवढं?" त्याच्यासाठी ते रोजचंच. आपल्यासाठीही रोजचंच असायला हवं होतं, इतकं जवळ आहे. बाराखांबीला मात्र मी फार रमलो नाही. यादवांच्या काळातलं सकलेश्वराचं देऊळ, खांबांवर कोरीव काम सुरेख आहे, पण ऊन चढलं होतं आणि पोटात कावळे ओरडत होते.

दुपारी जेवून झोपलो! सहलीत दुपारची झोप. माझ्या आठवणीत संघाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं.

चार वाजता संतकवी दासोपंतांच्या देवघरी गेलो. तुम्हाला आठवत असेल, तिथल्या एकानं पासोडीची गोष्ट सांगितली. दासोपंत सोळाव्या शतकातले, बीदरकडच्या नारायणपेठचे देशपांडे. दुष्काळात वडिलांनी सरकारी सारा भरला नाही, म्हणून बादशहानं पोराला ओलीस ठेवलं आणि दत्तानं पाडेवाराच्या, म्हणजे गावच्या सेवकाच्या, वेशात येऊन बाकी चुकती केली, अशी त्यांची कथा. पुढं ते अंबाजोगाईत राहिले आणि आयुष्यभर लिहीत राहिले. गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव लिहिला. रोज एका ढब्बू पैशाची शाई संपवायचे असं लोक सांगतात. कागद पुरेना म्हणून की काय, एका लांबलचक कापडी पासोडीवर पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी झाली त्याचं विवेचन, लिहून काढलं. लांबी 40 फूट, रुंदी 4 फूट. पासोडी आपल्याला उघडून बघायला मिळाली नाही, आणि ते योग्यच आहे, चारशे वर्षांचं कापड रोज कुणी उघडू नये. पण 40 फूट म्हणजे किती, यावर वाद झाला. आपले कापड दुकानवाले अण्णा हातानं मोजायला लागले. मी म्हटलं, एसटीची गाडी साधारण 36 फुटांची, पासोडी तिच्यापेक्षाही थोडी लांब भरेल. मग सगळे बाहेर आले आणि रस्त्याच्या कडेला पावलं टाकून 40 फूट मोजले. या टोकाला हेडमास्तर उभे, त्या टोकाला मी. हेडमास्तर तिथून ओरडले, "कंडक्टर, एवढं लिहायला जागा रिझर्व्ह केली होती का बुवांनी?" जाणारी-येणारी पोरं आमच्याकडं बघून हसत होती. अध्यक्ष साहेब, तुम्हीही हसत होता. माझ्या मोबाइलमध्ये फोटो आहे.

त्या संध्याकाळचं अजून सांगायचंय. आपले 78 वर्षांचे एक सदस्य, कुठल्याच सहलीत गाडीतून फारसे न उतरणारे, बाजारात फिरताना एका गल्लीच्या तोंडाशी थबकले. 1963 साली ते इथं शिकायला होते, आठ वर्षं शेजारी बसूनही आपल्याला हे माहीत नव्हतं. अंबाजोगाईला मराठवाड्याचं पुणं म्हणायची पद्धत आहे ती अशाच पोरांमुळं. खेड्यापाड्यांतून यायची, खोली घ्यायची, स्टोव्हवर स्वतःची भाकरी भाजायची. ते खोली शोधायला लागले आणि आम्ही सहा जण मागोमाग. खोली राहिली नव्हती, तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. पण समोरच्या वाड्यातल्या आजींना घरमालकाचं नाव सांगताच ओळख पटली, म्हणजे घरमालकाची. यांची नाहीच पटली. तरी चहा झाला. आजींनी विचारलं, "त्यातले कुठले तुम्ही? खिडकीतून पाणी फेकायचे ते का?" ते म्हणाले, "नाही, ते दुसरे." बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "मीच."

वाटेत त्यांनी शाळाही दाखवली. स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होण्याआधी व्यंकटेश खेडगीकर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेनंतर ते इथल्या शाळेत मुख्याध्यापक होते, आणि मग निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरले. दर 17 सप्टेंबरला आपण संघापुढं झेंडा लावतो, त्यांच्या फोटोला हार घालतो, जिलेबी खातो. त्यांचं नाव दिलेलं सरकारी मेडिकल कॉलेज तर आपल्या प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी पाहिलेलं. लातूरला सरकारी मेडिकल नव्हतं तेव्हा जीप करून पेशंट तिकडंच न्यायचे. 'अंबाजोगाईला नेलंय' याचा आपल्याकडं अर्थच वेगळा होता. माझे वडील शेवटपर्यंत त्या गावाला मोमिनाबाद म्हणायचे, निजामाच्या वेळचं नाव, आणि तेही गेले ते दवाखान्यालाच. या गावाला धडधाकट जाऊन रिकामं फिरता येतं, हे मला पासष्टीनंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी मराठीचे आद्यकवी मुकुंदराज यांची समाधी. गावाबाहेर, दरीत. पावसाळ्यात तिथं धबधबा असतो म्हणतात. आपण गेलो तेव्हा कडे कोरडे होते, माकडं मात्र हजर. पायऱ्या बघून चार जण वरच थांबले, आणि त्यांनी थांबावं हेच बरं. खाली बसल्यावर हेडमास्तरांनी मुकुंदराजांच्या विवेकसिंधू या ग्रंथाचा विषय काढला. शके 1110, म्हणजे 1188. ज्ञानेश्वरी त्यानंतर शंभर वर्षांनी. मूळ ओवीत वैनगंगेचा उल्लेख आहे म्हणून विदर्भातले लोक आंभोऱ्यालाच मुकुंदराजांचं गाव म्हणतात, आपण अंबाजोगाई म्हणतो, हा वाद विद्वानांनी बघावा. माझं म्हणणं निराळं आहे. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा संघात पेढे वाटले गेले, दोन भाषणं झाली, दोन्हींत आद्यकवीचं नाव आलं. आणि त्या दरीत मी हात वर करायला सांगितलं, तर 38 जणांपैकी 31 जण तिथं पहिल्यांदा आले होते. भाषण करणारे दोघेही त्या 31 मध्ये होते. नावं लिहीत नाही.

येताना बर्दापूरच्या अलीकडं आपल्याच एका सदस्याच्या मेव्हण्याच्या शेतात हुरडा झाला. गूळभेंडीची कणसं, आगटीभोवती गोल, सोबत तिळाची चटणी, दही आणि गूळ. कवळीवाल्यांनीसुद्धा दोन-दोन ओंजळी खाल्ल्या. हे सहलीच्या सूचनेत नव्हतं. वेळ होता म्हणून झालं.

आता पैशांचं. माणशी 1,900 रुपये आले, आदल्या वर्षी 4,600 आले होते. 'वसूल' हा शब्द मी आयुष्यभर वापरला आहे. वसुली तिकिटाची असते, वेबिलात लिहिली जाते, रात्री डेपोत भरली की संपली. सहलीचे पैसे तसे ठिकाणांच्या संख्येनं वसूल करायचे असतील, तर 17 ठिकाणांचे फोटो विकत घ्यावेत आणि भिंतीला लावावेत, फार स्वस्तात पडेल.

तरीही वसुलीच धरून चालायचं असेल, तर एसटीचा हिशेब मांडतो. 75 वर्षांपुढच्यांना राज्यात एसटीचा प्रवास ऑगस्ट 2022 पासून फुकट आहे. 65 ते 75 वाल्यांना अर्धं तिकीट. बायकांना मार्च 2023 पासून सरसकट अर्धं. आपल्या 38 जणांत 75 च्या पुढचे 14 होते. एकाच गावाला जायचं असेल तर खासगी बस तीन दिवस दारात उभी करून भाडं भरायची गरजच काय? साध्या गाडीनं जायचं, स्टँडवर उतरायचं, रिक्षानं मुक्कामी. चढताना पायरी उंच पडते हे खरं, मी आहे ना दाराशी, सवय आहे.

माझी विनंती एवढीच, की 17 ठिकाणांची सूचना फळ्यावरून काढावी आणि पुढची सहल पैठणला, दोन मुक्काम, असा ठराव सभेपुढं ठेवावा. नाथांचा वाडा आहे, गोदावरीचा घाट आहे, जायकवाडीचं धरण आहे, पैठणीचे माग आहेत, आणि ज्या घाटावर ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले म्हणतात तोही आहे. पैठण नको असेल तर तेर घ्या. गोरोबाकाकांचं गाव, शिवाय सातवाहनांच्या वेळी ज्याचा माल रोमपर्यंत जायचा ते जुनं तगर हेच. तिथल्या वस्तुसंग्रहालयात अर्धा दिवस सहज जाईल. तेरला मात्र मुक्कामाची सोय आधी जाऊन बघावी लागेल. दोन्ही ठिकाणी खोल्या तळमजल्यावरच घ्याव्यात, आणि शौचालयं आपल्या बायकांपैकी दोघींनी आधी जाऊन पाहून यावीत. हे काम पुरुषांवर सोपवू नये. मागच्या वेळी 'सोय उत्तम' असा निरोप पुरुषांनीच दिला होता.

ती लाल शाईची ओळ तेवढी खोडून टाकावी. पेन मी घेऊन येईन. आणि आम्ही 17 जणांनी विरोधात हात वर केले होते, त्यातले निदान नऊ जण आता माझ्यासारखं बोलतात. मोजलंय.

आपला,
एक सदस्य (निवृत्त वाहक)

ता.क. : अंबाजोगाईच्या मुक्कामात राहिलेली एक तपकिरी कानटोपी आणि एक चष्म्याचं घर माझ्याकडं आहे. घरात चष्मा नाही, पण योगेश्वरीच्या अंगाऱ्याची पुडी आहे. ज्यांचं असेल त्यांनी ओळख पटवून न्यावं.